मागील सभेप्रमाणे

कोणी ‘माझी तक्रार आहे’ असं म्हटलं की अजूनही माझा हात खिशातल्या पेनाकडे जातो. परवा सोसायटीच्या मीटिंगमध्ये एक बाई लिफ्टबद्दल बोलायला उठल्या, तर मी टोपण काढून तयार! शेजारचे गृहस्थ म्हणाले, “काय हो, तुम्ही कधीपासून सेक्रेटरी झालात?” कधीच नाही. माणिकपुरातल्या एका लहानशा फ्लॅटमध्ये राहणारा मी एक रिटायर्ड माणूस. पण नव्वदच्या दशकात आणि त्यापुढे काही वर्षं मी वसईतल्या गासच्या पलीकडच्या एका गावात ग्रामपंचायतीचा क्लार्क होतो, आणि त्या गावात चांगुणाआत्या होती. गावाचं नाव सांगत नाही. आता सांगून कोणाचं काय भलं होणार आहे?

मी मूळचा देवगडकडचा. आमच्याकडे अक्षर चांगलं असलं की लोक म्हणतात, पोरगा कुठेतरी लागेल. मी लागलो, आणि त्याच अक्षरापायी ग्रामसभेचं प्रोसिडिंग बुक माझ्या गळ्यात पडलं. खरं म्हणजे ते ग्रामसेवकाचं काम. आमचे ग्रामसेवक, सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत, माझ्या हातात वही देऊन म्हणाले, “तुझं अक्षर मोत्यासारखं. तू लिही, मी सही करतो.” सभेत कोण काय म्हणालं ते लिहायचं, एवढंच काम. पहिला विषय ठरलेला: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. वाचायचं कोणी नाही, कायम मात्र व्हायचं.

माझ्या पहिल्याच सभेत ती उठली. ठेंगणी, काळीसावळी, काष्टा घातलेली, अंबाड्यात सोनचाफ्याचं एक फूल. वय साठीच्या आसपास. उठली आणि आधी तिनं चपला काढून बाजूला ठेवल्या. मला गंमतच वाटली. भांडायला निघालेलं माणूस पायात चपला सरकवतं, ही काढते आहे! आवाज अगदी बेताचा, इतका की ऐकायचा तर आपणच गप्प बसावं लागे.

“आमच्या आळीतलं बावखल बुजवायचं नाय. त्याच्या पान्यावर आमच्या विहिरी गोड हायत. बावखल गेलं तं विहिरी खाऱ्या होतील. माजी तक्रार हाय. लिवून घ्या.”

वसईकडच्या माणसाला बावखल समजावून सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगतो. ते तळं नव्हे आणि विहीरही नव्हे. जुन्या लोकांनी वाड्यांच्या मधोमध खणून ठेवलेला मोठा पाणवठा. पावसाळ्यात तो भरतो, पाणी हळूहळू जमिनीत मुरतं, आणि समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही आजूबाजूच्या विहिरींना गोडं पाणी राहतं. चांगुणाआत्याच्या आळीतल्या बावखलात हिस्से पुष्कळांचे. त्यांतले निम्मे केव्हाच मुंबईला गेलेले. त्यांना बिल्डरची माणसं भेटून गेली होती. बावखल वापरात नाही, बुजवायला गावाची हरकत नाही, असं एकदा कागदावर आलं की तिथे चार मजली इमारत उभी राहणार होती. तिकडे उमेळ्यात वाड्या जाऊन इमारती येतच होत्या.

बोलून झाल्यावर ती माझ्या टेबलापाशी आली, खाली फरशीवर बसली आणि म्हणाली, “वाच.”

“काय?”

“काय लिवलंस ते वाच.”

मी वाचलं. ‘श्रीमती चांगुणाबाई यांनी बावखल बुजवण्यास विरोध दर्शवला.’ डोळे मिटून ऐकत होती, ते उघडले. “मी विरोध बोलले? मी बोलले तक्रार. आन् विहिरींचं कुठं गेलं? मी बोलले तेच लिव, भाऊ. तुजं नको लिवू.” झालं! खाडाखोड करून मी तिचं वाक्यन् वाक्य लिहिलं, पुन्हा वाचून दाखवलं, तेव्हा कुठे ती उठली. लोक केव्हाच चहाला गेले होते. माझा चहा गार झाला आणि मला तिचा राग आला.

पुढच्या सभेला तेच. शब्द तेच, चपला काढणं तेच, शेवटी “वाच.” त्याच्या पुढच्या सभेलाही तेच. वर्षाला चार सभा. पोरंटोरं तिच्याबरोबर ओठ हलवायला लागली. सरपंच हसून विचारायचे, “झालं का आत्या?” ती म्हणायची, “आजचं झालं.”

एकदा वाडीतून जाताना तिच्या ओट्यावर टेकलो, तेव्हा तोंडातून निघून गेलं, “आत्या, दर वेळी तेच तेच काय सांगता? एकदा लिहिलं ना मी?”

ती केळीचं सोपट सोलून दोरे काढत होती. हात न थांबवता म्हणाली, “तक्रार म्हंजे काय, ठाव हाय तुला?”

मी म्हटलं, “तक्रार म्हणजे तक्रार. गाऱ्हाणं.”

“डोंबल! साळंत गेलास ना तू?”

मग तिनं सांगितलं. तिचे वडील कचेरीत कारकून. मोडीतले जुने कागद वाचून द्यायचे. त्यांच्या शेजारी एक म्हातारा मुन्शी बसायचा, त्याला अरबी-फारसी येत असे. कचेरीतले निम्मे शब्द त्याच्याच घरचे, म्हणून तो प्रत्येकाची कूळकथा सांगायचा. त्यानं सांगितलं होतं, तक्रार हा अरबी शब्द, आणि तिकडे त्याचा अर्थ आहे पुन्हा पुन्हा सांगणं. बाकी काही नाही. रागावणं नाही, भांडणं नाही. तेच परत सांगणं. आपल्या मुलखात येता येता त्याचं गाऱ्हाणं झालं.

“बाबा बोलायचे, एकदा सांगितलं तं ती बातमी. परत परत सांगितलं तं तक्रार. मी अजून तक्रार पुरी कुठं केलीय?”

मी म्हटलं, “मग निषेध करा की. तो एकदाच करायचा असतो.” त्याच महिन्यात गावातल्या तरुणांनी काळ्या फिती लावून टँकरविरुद्ध निषेध मोर्चा काढला होता. आमच्या विहिरींचं पाणी टँकर भरभरून नालासोपाऱ्याच्या इमारतींना जात होतं. मोर्चा निघाला, घोषणा झाल्या, जेवायच्या वेळेला सगळे घरी गेले आणि दुपारी टँकर परत आले.

आत्या हसली. तिचे खालचे दोन दात पडलेले होते. “त्येबी बाबांनी सांगितलंय. निषेध आपला सौंस्कृत. हाकलून लावनं. हाकलली म्हस परत येते रे, भाऊ. तिच्यामागं रोज जावं लागतं.”

चौथी शिकलेली बाई ही! मी बी.कॉम. माझा चेहरा बघण्यासारखा झाला असणार.

ती रोज मागे जायची हे खरं. आमच्या गावची एस.टी. थांब्यावर न थांबता पुढे दुकानापाशी जाऊन थांबत असे. टोपल्या घेतलेल्या बायकांना तेवढं चालत मागे यावं लागे. आत्या रोज उतरताना कंडक्टरला सांगायची, “गाडी थांब्याला थांबव. माजी तक्रार हाय.” कंडक्टर बदलला की नव्याला पहिल्यापासून. ना आवाज चढवणं, ना शिवी. तब्बल दोन वर्षं! एके दिवशी गाडी बरोबर थांब्यावर थांबली. तो कंडक्टर मला पंचायतीत येऊन सांगत होता, “साहेब, ड्यूटी घेतानाच आम्हाला सांगतात, त्या गावाला एक म्हातारी आहे, तिच्या पायाशी गाडी लाव.” थांबली त्या दिवशी तिनं त्याला अर्धा डझन वेलची केळी दिली. नको म्हणाला तरी दिली.

आणखी एक गोष्ट मला फार दिवस कळत नसे. बावखल बुजावं म्हणून सगळ्यांत जास्त खटपट सरपंचांची. आणि सरपंचांच्या मुलीचं लग्न निघालं, तर दोन दिवस आधीपासून त्यांच्या मांडवात भाजी चिरायला, पापड तळायला आत्या हजर. मी म्हटलं, “काय हे? परवा सभेत त्यांच्याविरुद्ध बोललात ना?”

“त्याच्याविरुद्ध? छे! तक्रार गोष्टीची असते. मानसाची केली तं तोंड कुठं दाखवायचं? परत त्याच रस्त्यानं जायचं हाय.”

तिच्या आळीत फरसूमामा म्हणून एक ख्रिस्ती शेतकरी होते. त्यांची मोगऱ्याची आणि केळीची वाडी बावखलाच्या पाण्यावर. सभेत ते मागे बसायचे आणि आत्याचं बोलणं संपलं की जोरात म्हणायचे, “माझं पण तेच!” त्यांच्या नावाखालीही मला ते लिहावं लागे. या दोघांनी माझी दोन-दोन पानं खाल्ली, असं मी बायकोला सांगायचो. असं मी बोलत होतो त्या काळात. लाज वाटते सांगायला.

आता सांगायचं ते सांगतो. टाळत टाळत इथवर आलो.

तीन-चार वर्षं झाली असतील. ऑगस्टमधली सभा, प्रोसिडिंग बुकही त्याच दिवशी नवं उघडलेलं. झेंडावंदन उरकून बसलेले लोक, दमट उकाडा, घरी पाहुणे. आत्या बोलत होती आणि मी ते शब्द लिहायला घेतले होते. भाऊसाहेब माझ्या कानाशी वाकून म्हणाले, “अरे, दर वेळी ते पुराण काय उतरवतोस? ‘मागील सभेप्रमाणे’ लिही. पान वाचेल.” इतकं सोपं! मला आधी सुचलं कसं नाही, असंच वाटलं. मी लिहिलं: श्रीमती चांगुणाबाई यांचे म्हणणे मागील सभेप्रमाणे. पूर्णविराम.

सभा संपली. आत्या आली, फरशीवर बसली, डोळे मिटले. “वाच.”

मी वही समोर धरली आणि तिचं सगळं म्हणणं पाठ म्हणून दाखवलं. आमच्या आळीतलं बावखल बुजवू नये, त्याच्या पाण्यावर आमच्या विहिरी गोड आहेत, बावखल गेलं तर विहिरी खाऱ्या होतील, माझी तक्रार आहे. एक शब्द चुकला नाही. आवाज जरासुद्धा हलला नाही. तिला वाचता येत होतं हो! वही तिच्या हातात दिली असती तर अक्षर अक्षर लावून वाचलं असतं तिनं. पण तिनं कधी मागितली नाही. लिहिलेलं आपल्या कानानं ऐकावं, ही तिच्या बाबांची शिकवण. डोळे उघडून ती म्हणाली, “बरोबर. हुशार हायस.”

त्या दिवसापासून मी प्रत्येक सभेला तेच करत गेलो. लिहायचं चार शब्दांत आणि वाचायचं पुरतं. पहिल्यांदा थोडं कसंतरी झालं. दुसऱ्यांदा झालं नाही.

मधल्या काळात पंचायत नव्या इमारतीत गेली. जुनी बुकं गोणीत बांधून जुन्या खोलीतच राहिली. त्या खोलीची कौलं फुटलेली. पुढे गोणी उघडली तेव्हा आत वाळवीनं केलेली माती आणि पुठ्ठे. आत्याचं म्हणणं शब्दन् शब्द लिहिलेली माझ्या मोत्यांसारख्या अक्षराची सगळी पानं तिच्यात गेली. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. जुनी रद्दी गेली, इतकंच.

मग बिल्डरचा अर्ज वर तहसील कचेरीत गेला आणि साहेबांपुढे सुनावणी लागली. साहेबांनी पंचायतीला प्रोसिडिंग बुक घेऊन बोलावलं. भाऊसाहेबांची तोवर बदली झालेली, नवे ग्रामसेवक रजेवर. वही घेऊन मीच गेलो. आत्या आणि फरसूमामा आधीच येऊन बाकावर बसले होते. आत्यानं नवं लुगडं नेसलं होतं. मला बघून तिचा चेहरा इतका उजळला! फरसूमामांना म्हणाली, “आला आपला मानूस. आता वही बोलंल.”

साहेब भला माणूस होता. उगाच कोणी म्हणू नये की साहेब विकला गेला. त्यानं आत्याला नीट बसवलं आणि विचारलं, “आजी, तुमची हरकत गावसभेत नोंदवली होती का?”

“हरकत एकदा घेतात, साहेब. मी तक्रार केली. दर सभेला. समदं लिवलेलं हाय. वाचा तुमी.”

साहेबांनी वही उघडली आणि मोठ्यानं वाचलं, “श्रीमती चांगुणाबाई यांचे म्हणणे मागील सभेप्रमाणे.” पान उलटलं. “श्रीमती चांगुणाबाई यांचे म्हणणे मागील सभेप्रमाणे.” आणखी उलटलं. अकरा वेळा. ते अकरा वेळा आहे हे मला तिथे कळलं. आत्या सवयीनं डोळे मिटून ऐकत होती. दुसऱ्या वेळेला तिच्या कपाळावर आठी आली. चौथ्या-पाचव्या वेळेला तिनं डोळे उघडले.

“मागील म्हणजे कुठली सभा?” साहेबांनी मला विचारलं.

“जुनी वही... वाळवीनं गेली, साहेब.”

फरसूमामा उठले. “साहेब, अख्ख्या गावानं ऐकलंय! मी ऐकलंय. माझं पण तेच होतं!”

“मामा, गावानं ऐकलेलं फायलीत लागत नाही.” साहेब पुन्हा माझ्याकडे वळले. सावकाश बोलले, जणू मला संधीच देत होते. “तुम्ही लिहिणारे. तुम्ही सांगा. बाई बावखलाबद्दल नेमकं काय म्हणाल्या होत्या? तुम्ही जबाब दिलात तर मी तो घेईन.”

मला पाठ होतं. या जगात ते शब्द माझ्याइतके कोणाला पाठ नव्हते. पण सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आलाच असता, की मग लिहिलं का नाही? तेव्हा माझी नोकरी कायम झालेली नव्हती. फ्लॅटचे हप्ते चालू होते, मुलगी बालवाडीत. हे सगळं मी तेव्हा मनात एका क्षणात वाचून काढलं. आणि म्हणालो, “साहेब, लिहिलंय तेवढंच.”

आत्यानं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. राग असता तर मी आज सुखानं झोपलो असतो. रस्त्यात ओळखीचं माणूस दिसावं आणि जवळ गेल्यावर ते भलतंच निघावं, तसं बघितलं. मग ती उठली, साहेबांना हात जोडले आणि बाहेर गेली. फरसूमामा मला जाताना एवढंच म्हणाले, “काय केलंस रे हे?”

लेखी हरकत आढळून येत नाही, असा निकाल आला. लाल मातीचे ट्रक आले. कितीतरी दिवस ते येत होते. फरसूमामा आणि आळीतली माणसं टोपल्यांतून मासे आणि कासवं उचलून दुसऱ्या बावखलात नेऊन सोडत होती. मी त्या रस्त्यानं जायचं सोडलं.

पुढच्या सभेला आत्या आली नाही. ऐन वेळचे विषय सुरू झाले. तिच्या बोलण्याची वेळ आली आणि कोणी न सांगता सगळी सभा गप्प झाली. सरपंचसुद्धा हातातला कागद खाली ठेवून दाराकडे बघत राहिले. त्या शांततेत मला तिचं वाक्य सबंध ऐकू आलं. नंतर प्रत्येक सभेला ऐकू येत राहिलं. वही मिटली तरी यायचं. आंघोळीला बसलो आणि बादलीत नळ सोडला की यायचं. अजून येतं. मी देवाधर्माचा माणूस नाही, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण जिवंत माणसाचं बोलणं मागे लागतं हे मी सांगतो, आणि त्याला उतारा नाही.

मी वाट बघत होतो. दोन वर्षं एका बसच्या मागे लागणारी बाई, ती माझी तक्रार करेल. वर लिहील, गावभर सांगेल, निदान मला दारात उभं करून विचारेल. मला ते हवं होतं. तिनं केली नाही. गावात तिनं माझं नावसुद्धा काढलं नाही, असं फरसूमामांनीच मला पुढे सांगितलं.

दोन उन्हाळे गेले. मला मुंबईत दुसरी नोकरी मिळाली आणि मी पंचायत सोडली. निघण्याआधी एका सकाळी मनाचा हिय्या करून तिच्याकडे गेलो. माफी मागायची, एवढं ठरवून. बावखलाच्या जागी इमारतीचा तिसरा मजला चढत होता. आत्याच्या वाडीतली केळीची पानं कडेनं करपलेली.

ती ओट्यावर बसली होती. खूप वाळली होती. “ये, भाऊ,” म्हणाली. बस म्हणाली. मुलगी कशी आहे, विचारलं. मी नुसतं म्हटलं, “आत्या, मी जातोय इथून.”

“उन्हातून आलास. पानी पी.”

ती हळूहळू विहिरीवर गेली. रहाटाचा आवाज ऐकू आला. तांब्या भरून तिनं माझ्यापुढे ठेवला. मी तोंडाला लावला. पाणी मचूळ होतं, घशाशी येताच खारटपणा जिभेवर बसला. मी थांबलो नाही. सगळा तांब्या संपवला. ती माझ्याकडेच बघत होती.

“कसं हाय पानी?” तिनं विचारलं.

“चांगलं आहे, आत्या.”

तिनं रिकामा तांब्या माझ्या हातातून घेतला.

“खारं हाय रे,” ती म्हणाली. “आज तरी खरं सांगायचं होतंस.”

आणि आत निघून गेली.